मलमाला चालतं, थेंबांना का नाही?

आमच्या रुग्णालयाच्या औषध विभागात प्रशिक्षणाला आलेल्या एका मुलाने परवा मला विचारलं, “मॅडम, क्लोरॅम्फेनिकॉलचं डोळ्यांचं मलम गॅमा किरणांनी निर्जंतुक करता येतं असं पुस्तकात आहे. मग त्याच औषधाच्या थेंबांना का नाही चालत?” वरवरचं उत्तर मी तिथेच देऊ शकले असते. पण घरी या प्रश्नाचे दोन जाणकार आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. माझे वडील दिनकरराव ट्रॉम्बेला गॅमा किरणांच्या संयंत्रावर होते. माझे सासरे माधवराव ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषध कंपनीत फॉर्म्युलेशन बघायचे. दोघे व्याही एकमेकांना जेवताना आग्रह करतात, सणावाराला फोन करतात, आणि या विषयावर एकमेकांचं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीत. रविवारी जेवणं झाल्यावर मी मुलाचा प्रश्न मध्ये टाकला आणि वही घेऊन बसले. दोघे एकाच वेळी बोलत होते ते भाग गाळले आहेत.

दिनकरराव : आधी त्या मुलाला सांग, किरण मारल्याने औषध किरणोत्सारी होत नाही. कोबाल्ट-60 मधून दोन गॅमा किरण निघतात, 1.17 आणि 1.33 एमईव्हीचे. किरण मारून अणूच्या केंद्रकातून न्यूट्रॉन उडवायचा तर सगळ्यात कमी ऊर्जा बेरिलियमला लागते, तीसुद्धा 1.67. आपला किरण तिथवरही पोचत नाही. खोकं बाहेर आलं की कुणीही उचलावं.

माधवराव : हे मला कशाला सांगताय, दिनकरराव? लोकांच्या भीतीशी भांडण्यात तुमची सगळी नोकरी गेली, म्हणून दर वेळी सुरुवात तिथूनच. माझी तक्रार केंद्रकाबद्दल नाहीच मुळी. औषध म्हणजे रेणू, रेणू म्हणजे बंध. तुमचा किरण बंध तोडतो.

दिनकरराव : जंतूचेही तोडतो. म्हणून तर जंतू मरतो.

माधवराव : आणि जंतूचा बंध कुठला, माझा कुठला, हे त्याला कळत नाही.

दिनकरराव : कळायची गरज नाही! जंतूकडे डीएनएच्या जेमतेम एक-दोन प्रती असतात, लांबच लांब रेणू. तो दोन-चार ठिकाणी दुरुस्त होणार नाही असा तुटला की संपला तो जंतू. तुमच्या एक ग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉलमध्ये रेणू किती? एकावर एकवीस शून्यं, त्याच्याही दुप्पट. त्यातले शेकडा अर्धा मोडले तर डोळ्याला काय कळणार आहे?

माधवराव : अर्धा टक्का कशावरून? काढ गं कागद.

अण्णांनी (सासऱ्यांना मी अण्णा म्हणते) वहीत आकडेमोड केली, ती इथे देते, कारण पुढचं सगळं भांडण तिच्यावर उभं आहे. निर्जंतुकीकरणाचा रूढ डोस 25 किलोग्रे. ग्रे म्हणजे पदार्थाच्या एका किलोत एक ज्यूल ऊर्जा जिरणे. 25 किलोग्रे म्हणजे किलोमागे 25,000 ज्यूल. एवढ्या ऊर्जेने पाणी तापवलं तर जेमतेम सहा अंश तापेल, कोमटही होणार नाही. पण माणसाच्या अख्ख्या अंगाला चार-पाच ग्रेच मिळाले तर उपचारांशिवाय वाचण्याची शक्यता निम्मी राहते. मारते ती उष्णता नव्हेच. ऊर्जा कुठे, कशी टाकली जाते यावर सगळं असतं.

आता कोरडी भुकटी घ्या. जिरलेल्या दर शंभर इलेक्ट्रॉन-व्होल्टमागे पाच रेणू मोडले असं धरलं, तर 25 किलोग्रेला किलोमागे सुमारे 13 मिलिमोल रेणू बिघडतात. क्लोरॅम्फेनिकॉलचा रेणुभार 323, म्हणजे किलोत 3,100 मिलिमोल. शंभरात 0.4. बाबांचा अर्धा टक्का अण्णांच्याच पेन्सिलीने खरा निघाला. बाबा खूश झाले, पण अण्णांनी वही परत दिली नव्हती.

माधवराव : आता त्या मुलाचे थेंब. अर्धा टक्का औषध, साडेनव्व्याण्णव टक्के पाणी. किरणाची ऊर्जा कोण खाणार? पाणी. पाण्याचा रेणू फुटतो आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल सुटतो. एका ज्यूलमागे 0.28 मायक्रोमोल, हा आकडा तुम्हाला पाठ असेल. 25,000 ज्यूल म्हणजे लिटरला सात मिलिमोल. आणि माझं औषध किती? लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे साडेपंधरा मिलिमोल. सगळे रॅडिकल औषधालाच जाऊन धडकतील असं मी म्हणत नाही. पण धडकले तर निम्म्याच्या घरात औषध गेलं. शिवाय हायड्रॉक्सिलच्या जोडीने पाण्यात सुटे इलेक्ट्रॉन तयार होतात, जवळजवळ तेवढेच. त्यांना क्लोरॅम्फेनिकॉलचा नायट्रो गट फार आवडतो.

दिनकरराव : थेंब विरळ केले तर?

माधवराव : तर सगळंच जाईल. रॅडिकल पाणी पुरवतंय, औषधाचं प्रमाण काही का असेना, ते तेवढेच निघणार. औषध जितकं कमी, तितका त्यातला मोठा भाग बळी. मलमात पाणी नाही. पॅराफिनमध्ये औषधाचे कण कोरडेच तरंगतात, म्हणून मलम वाचतं. पॅराफिनच्याही साखळ्या तुटतात, थोडा हायड्रोजन सुटतो, ते मी सोडून देतो.

मुलाला हवं होतं ते उत्तर इथेच मिळालं. बाबांनी यावर वाद घातला नाही. एवढंच म्हणाले की द्रावण गोठवून, उणे सत्तर-ऐंशी अंशांवर किरण मारले तर रॅडिकल जागचे हलू शकत नाहीत आणि नुकसान पुष्कळ कमी होतं. त्यावर अण्णांनी विचारलं, गोठवलेल्या थेंबांनी भरलेला ट्रक ठाण्याहून ट्रॉम्बेला कोण नेणार? तो मुद्दा तिथेच राहिला.

युरोपच्या औषध नियामकाकडे निर्जंतुकीकरणाची पद्धत निवडण्यासाठी दोन वेगळे तक्ते आहेत, हे मी मध्ये सांगितलं. पाण्यातल्या औषधांचा तक्ता 121 अंशांच्या वाफेपासून सुरू होतो, तिथून कमी कडक वाफेवर येतो, तेही न जमलं तर गाळण आणि असेप्टिक भरणी. त्यात किरणांचं नावच नाही. कोरडी भुकटी, मलमं आणि तेलकट औषधं यांचा तक्ता दुसरा. त्यात आधी 160 अंशांची कोरडी उष्णता, ती सोसत नसेल तर 25 किलोग्रे, तेही सोसत नसेल तर प्रयोगाने सिद्ध केलेला कमी डोस, आणि असेप्टिक भरणी शेवटी. मला वाटलं होतं, हे ऐकून दोघे शांत होतील. झालं उलटंच, कारण बाबांना त्यात फक्त एक शब्द ऐकू आला.

दिनकरराव : ‘शेवटी’. ऐकलंत ना, माधवराव? तुमची असेप्टिक भरणी शेवटी आहे. आणि तुमच्या आख्ख्या धंद्यात ती पहिली असते.

माधवराव : कारण माझं औषध बहुतेक वेळा ना वाफ सोसतं, ना किरण.

दिनकरराव : की तुम्ही विचारतच नाही? सेफॅलोस्पोरिनची इंजेक्शनं घ्या. कोरडी भुकटी. निर्जंतुक स्फटिक करायचे, निर्जंतुक खोलीत वायलमध्ये भरायचे, नखशिखांत झाकलेल्या माणसांनी. आणि शेवटी वायल बंद झाल्यावर त्यावर काहीच करायचं नाही. एका माणसाच्या हातमोज्याला भोक पडलं तर?

माधवराव : म्हणून तर आम्ही मीडिया फिल करतो. औषधाच्या जागी जंतूंचं खाद्य भरतो, हजारो वायल, आणि चौदा दिवस उबवतो. एकही गढूळ व्हायची नाही.

दिनकरराव : किती हजार? समजा, तीन हजार भरल्या आणि एकही गढूळली नाही. संख्याशास्त्र तुम्हाला काय म्हणू देतं? 95 टक्के खात्रीने हजारात एकाहून कमी. बस. दहा हजार भरल्या तर साधारण 3,300 मध्ये एक. आणि मी वायल बंद झाल्यावर, खोकं बंद झाल्यावर, सगळं आटपल्यावर किरण मारतो. माझं वचन दहा लाखांत एक. हातमोज्याचं भोक मला शोधावं लागत नाही.

अण्णा काही क्षण गप्प बसले. इथे माझी बाजू सांगते. वॉर्डात रात्री अकरा वाजता रुग्णाला सेफॅलोस्पोरिनचं इंजेक्शन दिलं जातं तेव्हा नर्सला असेप्टिक भरणी माहीत नसते. आम्ही औषध वितरित करतो ते कुणाच्या तरी हातमोज्यावर भरवसा ठेवून. बाबांचं म्हणणं मला इथे वजनदार वाटतं. बंद डब्यावर अखेरची पायरी असली की मधल्या शंभर चुका पोटात घेतल्या जातात.

पण अण्णा गप्प बसले होते ते विचार करायला.

माधवराव : तुमचा दहा लाखांत एक कशावर उभा आहे ते मुलीला सांगा. जंतूंचा नव्वद टक्के भाग मारायला लागणारा डोस किती?

दिनकरराव : आम्ही बॅसिलस प्युमिलसच्या बीजाणूंवर बघायचो. 1.7 किलोग्रे धर. दर 1.7 ला एक शून्य कमी.

माधवराव : म्हणजे हजार बीजाणूंचं एक दशलक्षांश करायचं तर नऊ शून्यं. पंधरा किलोग्रे पुरे. मग पंचवीस कशाला मारता?

दिनकरराव : कारण कुठला जंतू किती चिवट असेल ते आधी कुठे कळतं? वर उरलेलं ते विमा आहे.

माधवराव : विम्याचा हप्ता माझ्या औषधाने भरायचा! शिवाय तुमचे पंचवीस म्हणजे किमान पंचवीस. खोक्याच्या मधोमध पंचवीस मिळावेत म्हणून बाहेरच्या रांगेला तीस-पस्तीस जातात. माझं औषध बाहेरच्या रांगेतही असतं, दिनकरराव.

या ठिकाणी मी वहीत दोनदा रेघ मारली. वर्षानुवर्षं ‘25 किलोग्रे’ हा आकडा पाढ्यासारखा सांगितला जातो. तो आला वैद्यकीय वस्तूंपासून: टाके घालायचा दोरा, सिरिंज, हातमोजे, कापूस. त्या वस्तूंना पंचवीस किंवा पस्तीस मिळाले तरी फारसा फरक पडत नाही, म्हणून सगळ्यांना सारखाच आकडा. औषधाला मात्र प्रत्येक जादा किलोग्रेची किंमत मोजावी लागते. आणि आयएसओ 11137 हे आंतरराष्ट्रीय मानक वाचलं तर डोस ठरवायची वाट स्पष्ट आहे: वस्तूवर किरण मारण्याआधी किती जंतू आहेत ते मोजा, म्हणजे बायोबर्डन. सरासरी हजारपर्यंत असेल तर 25 किलोग्रे सिद्ध करून वापरता येतो. सरासरी दीडच्या आत असेल तर 15 सिद्ध करता येतो. सिद्ध करायचं म्हणजे दहा नग घ्यायचे, त्यांना ठरवून दिलेला अगदी थोडा डोस द्यायचा, आणि उबवून बघायचं. दहात एकाहून जास्त उगवले नाहीत तर पास.

हजार आणि दीड. दोघांमधला फरक किरणाचा नाही, कारखान्यातल्या स्वच्छतेचा आहे. मी बाबांना विचारलं, भुकटी अण्णांसारख्या माणसाने भरलेली असेल, बायोबर्डन दीडच्या आत असेल, तर तुम्ही 15 ला तयार व्हाल का?

दिनकरराव : आनंदाने. गाड्या लवकर सुटतील.

माधवराव : पण एवढी स्वच्छ भरणी झाल्यावर किरण कशाला?

दिनकरराव : हजारात एक म्हणून! किती वेळा सांगायचं?

आता औषधांवरच्या परिणामांच्या अभ्यासाकडे. अण्णांचा खरा राग इथे आहे. सेफॅलोस्पोरिनच्या भुकटीला 25 किलोग्रे दिला की औषधाची शक्ती सहसा फारशी उतरत नाही. एक-दोन टक्क्यांच्या आत राहते. पण पांढरी भुकटी पिवळट होते आणि काही बाबतीत वास येतो. रंग बदलायला टक्क्याचा बारीकसा अंशही पुरतो, कारण नवा तयार झालेला रेणू रंगीत असतो.

दिनकरराव : पिवळं झालं म्हणून औषध खराब झालं?

माधवराव : रंग हा इशारा आहे. पिवळं झालं म्हणजे काहीतरी नवं तयार झालं. मला ते नवं काय आहे ते हवं. नवीन औषधद्रव्यात 0.1 टक्क्याच्या पुढे गेलेल्या अशुद्धतेची ओळख पटवायला लागते, हा नियम आहे. आणि तिचा डीएनएवर परिणाम होण्याची शंका असेल तर दिवसाला 1.5 मायक्रोग्रॅमचाच उंबरठा. तुमचा अर्धा टक्का त्या हिशोबात डोंगर आहे.

दिनकरराव : अर्धा टक्का दहा-वीस वेगवेगळ्या तुकड्यांत वाटला गेलेला असतो. एकेकाचा वाटा नगण्य.

माधवराव : मग मोजून दाखवा. ‘नगण्य’ हे मापाचं एकक नाही.

बाबांचं त्यावरचं उत्तर चांगलं होतं. बरेच किरणजन्य तुकडे हे औषध नुसतं ठेवलं किंवा गरम केलं तरी तयार होतात. क्लोरॅम्फेनिकॉलमधला एक मुख्य तुकडा पाण्याशी अभिक्रिया झाल्यावर तयार होणाराच असतो, आणि त्याची मर्यादा औषधकोशांत आधीपासून दिलेली आहे. म्हणजे किरण सगळंच अपरिचित करतो असं नाही. काही जुन्याच अशुद्धता जरा वाढवतो. अण्णा म्हणाले, काही जुन्या, काही नव्या, आणि आमचा अर्ज नामंजूर होतो तो नव्यांसाठी.

मग अण्णांनी जो मुद्दा काढला त्यावर बाबांकडेही उत्तर नव्हतं. पाण्यात रॅडिकल क्षणात संपतात. कोरड्या स्फटिकात ते अडकून पडतात. ईएसआर नावाच्या यंत्रावर ते महिनोन्‌महिने दिसत राहतात. हळूहळू हवेतल्या ऑक्सिजनशी, शेजारच्या रेणूंशी ते जुळतात.

माधवराव : किरण मारून झाल्यावर दुसऱ्या दिवशी एचपीएलसी काढायचं, शक्ती 99 टक्के, शोधनिबंध छापायचा. मला दोन वर्षांनी दाखवा. 40 अंश आणि 75 टक्के आर्द्रतेवर सहा महिने ठेवून दाखवा, आणि किरण न मारलेली बॅच शेजारी ठेवून. शक्ती, अशुद्धता, रंग, विरघळणं, वायलच्या रबरी बुचातून काय उतरलं, सगळं.

दिनकरराव : त्याला मी नाही म्हटलंय का कधी? पण दोन वर्षांचा अभ्यास तुमच्याकडचं कोण करणार, जर तुम्ही पहिल्याच बैठकीत ‘किरण नको’ म्हणालात?

अण्णांनी यावर काही म्हटलं नाही. मला वाटतं, बाबांचा टोला बसला.

बाबांच्या कपाटात एक काचेची वायल आहे, किरण खाल्लेली. साधी पारदर्शक काच होती, ती कोऱ्या चहासारखी तपकिरी झाली आहे. किरणाने सुटलेले इलेक्ट्रॉन काचेच्या जाळीत अडकतात आणि प्रकाश शोषतात, म्हणून हा रंग. काच उष्णतेने परत बऱ्यापैकी उजळते. सिरियम घातलेली काच अशी काळवंडत नाही. ती वायल हातात घेऊन अण्णा म्हणाले, “ही नर्सच्या हातात गेली तर ती आधी तक्रारवही काढेल.” ते खरं आहे; मीसुद्धा काढली असती. डब्याचं प्लास्टिकही सगळं सारखं नसतं. पॉलिप्रोपिलीन, विशेषतः तयारी न केलेलं, किरणांनंतर महिन्या-दोन महिन्यांत ठिसूळ होऊ लागतं. पीव्हीसी पिवळं पडतं. टेफ्लॉनचा तर पार चुरा होतो. पॉलिथिलीन आणि पॉलिस्टायरीन बरे तग धरतात. औषध वाचलं आणि डबा मेला तरी काम फुकट.

बाबांनी मग आपलं सगळ्यात जुनं अस्त्र काढलं: पर्याय. मलमाच्या रिकाम्या ट्यूब, वायलची बुचं, सुया, यांना उष्णता नको असेल तर काय राहतं? इथिलीन ऑक्साइड वायू. 10.7 अंशांना उकळणारा, स्फोटक, आणि 1994 पासून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत माणसाला कर्करोग देणारा म्हणून पहिल्या गटात. वस्तूला चिकटून राहतो, क्लोराइड मिळालं की इथिलीन क्लोरोहायड्रिन करतो, म्हणून हवा देत दिवसचे दिवस ठेवावं लागतं. बंद वायलमध्ये तर तो जाणारच नाही. “किरणाचा अवशेष राहत नाही,” बाबा म्हणाले. “खोली उघडली की काम संपलं.”

माधवराव : अवशेष राहतो, दिनकरराव, औषधात. वायूचा नाही, तुमच्या अभिक्रियेचा.

दिनकरराव : आणि तुमच्या गाळणीत? 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून विषाणू आरामात जातो.

माधवराव : विषाणू तुमच्या किरणालाही पटकन सापडत नाही. लहान लक्ष्य, कमी आघात. जंतूपेक्षा जास्त डोस लागतो.

दोघेही बरोबर होते. शेवटच्या फेरीत अण्णांनी पायरोजनचा, म्हणजे ताप आणणाऱ्या द्रव्यांचा, विषय काढला, आणि तो मला फार आवडला, कारण त्यात कुणाची बाजू नव्हती. जंतू मेला म्हणजे त्याच्या भिंतीचे तुकडे नाहीसे झाले असं नाही. ते तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, 25 किलोग्रेला फारशी दाद देत नाहीत. घाणेरडी बॅच किरणांनी निर्जंतुक होईल, पण शिरेतून दिली की रुग्णाला थंडी वाजून ताप भरेल. रुग्णालयात अशी थंडी मी पाहिली आहे. सलाईन सुरू झाल्यावर तासाभरात रुग्ण कुडकुडायला लागतो, आणि निर्जंतुकतेची चाचणी सगळीकडे ‘उत्तीर्ण’ असते.

दिनकरराव : त्यावर मी तुमच्या बाजूने. किरण म्हणजे साबण नव्हे. आमच्याकडे एखादी कंपनी गलिच्छ माल पाठवायची आणि ‘जरा जास्त डोस द्या’ म्हणायची, तेव्हा आम्ही परत पाठवायचो.

संयंत्राबद्दल मी मुद्दाम थोडंच लिहिते, कारण वाचकांना ते सगळ्यात रंजक वाटतं आणि वादाला फारसं लागत नाही. ट्रॉम्बेचं आयसोमेड 1974 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने सुरू झालं. भारतातलं वैद्यकीय वस्तूंचं पहिलं गॅमा संयंत्र. सोर्स म्हणजे पोलादाच्या दुहेरी नळ्यांत बंद केलेला कोबाल्ट. काम नसताना तो खोल पाण्याच्या टाकीत ठेवतात आणि पाणी निळसर चमकतं. माल फिरत्या पट्ट्यावरून त्याच्याभोवती जातो. खोक्यावर एक चकती असते, ती पिवळ्याची लाल होते. पण बाबा म्हणतात, त्या चकतीवर विसंबू नये. तिने फक्त ‘किरण लागला’ एवढं कळतं. किती लागला ते डोसिमीटर सांगतो. कोबाल्टची किरण देण्याची ताकद 5.27 वर्षांत निम्मी होते, म्हणजे महिन्याला सुमारे एक टक्का, म्हणून पट्टा दर महिन्याला किंचित सावकाश करावा लागतो. मायापुरीचं अण्णांनी काढलंच. 2010 मध्ये दिल्लीच्या त्या भंगार बाजारात जुन्या उपकरणातला कोबाल्ट उघडा पडला आणि एक कामगार मेला. बाबांनी शांतपणे सांगितलं की ते प्रयोगशाळेतलं उपकरण होतं, औद्योगिक संयंत्र नव्हतं, आणि सोर्सची नोंद ठेवणं हेच त्यावरचं उत्तर आहे. यावर कुणी कुणाचं खोडलं नाही.

वाशीला मसाल्यांना आणि लासलगावला कांद्याला किरण मारतात, हे मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, “कांद्याला 60 ते 90 ग्रे देतात मोड येऊ नयेत म्हणून. तुझ्या औषधाला पंचवीस हजार. त्याच दुकानातले दोन वेगळे धंदे आहेत हे.”

माझा निष्कर्ष लिहून टाकते, दोघांपैकी कुणालाही न विचारता. पाण्यातल्या औषधासाठी किरणांचा आग्रह धरू नये. प्रथिनांच्या औषधासाठीही नाही, कारण त्यांना अर्धा टक्का हरवण्याची मुभा नाही. एक चुकीची घडी झाली की सगळी क्रिया जाते. पण कोरड्या भुकटीसाठी, पॅराफिनच्या मलमासाठी आणि टाक्यांच्या दोऱ्यासाठी ‘आम्हाला भीती वाटते’ हे कारण पुरेसं नाही. तिथे 25 च्या पाढ्यावर न थांबता बायोबर्डन मोजून डोस ठरवावा, दोन वर्षं ठेवून अशुद्धता मोजावी, आणि मग निर्णय घ्यावा. एवढं केल्यावर औषध नापास झालं तर अण्णा बरोबर. पास झालं तर बाबा. आतापर्यंत दोघांचंही म्हणणं बऱ्याच औषधांच्या बाबतीत तपासून झालेलं नाही, ही लाजेची गोष्ट आहे आणि ती त्यांच्या व्यवसायांची आहे.

फार्मसी शिकणाऱ्यांना एक काम सुचवते. पुढच्या वेळी सिरिंज किंवा हातमोज्याचं पाकीट फोडाल तेव्हा वेष्टनावरची छोटी चौकट बघा. तिथे ‘स्टराइल’ शब्दाशेजारी ‘आर’ असेल तर त्या वस्तूला किरण लागले आहेत. ‘ईओ’ असेल तर इथिलीन ऑक्साइड. एकाच कपाटात दोन्ही सापडतील. औषधाच्या लेबलावर अशी चौकट बहुधा दिसणार नाही, त्यामुळे त्याचं निर्जंतुकीकरण कसं झालं हे पुरवठादाराला लेखी विचारा. विचारण्याचा अधिकार औषध विभागाला आहे.